प्रगतिपुस्तकामागचें कोष्टक

दिवाळीच्या सुटीआधींचे आणि उन्हाळ्याच्या सुटीआधींचे आठ-दहा दिवस प्राथमिक शाळेंतल्या शिक्षकाला वर्षांतले सर्वांत कष्टाचे असतात. उत्तरपत्रिका तपासून झालेल्या असतात, गुण वहींत उतरलेले असतात. आणि आतां त्या गुणांची बेरीज, बेरजेवरून श्रेणी, श्रेणीवरून निकालपत्रक आणि निकालपत्रकावरून प्रगतिपुस्तक अशी सारी उतरंड उतरावयाची असते. वर्गांत ३० मुलें आणि ८ विषय धरले, तरी एका सत्राचे २४० निकाल होतात, आणि प्रत्येक निकालाच्या पोटांत पुन्हां आठ-नऊ आंकडे असतात. पूर्वीं हें काम कंदिलाच्या उजेडांत, लाल व निळ्या शाईनें होत असे; चुकलें तर खाडाखोड, आणि खाडाखोड फारच डोळ्यांत भरूं लागली तर वर कागदाची चिकटी. आज तें बहुतेक ठिकाणीं संगणकावरच्या किंवा हातांतल्या मोबाईलवरच्या कोष्टकांत होतें. त्याचें इंग्रजी नांव स्प्रेडशीट. शिक्षकांच्या बोलण्यांत मात्र तें सरसकट 'एक्सेल' याच नांवानें वावरतें, मग तें कोणत्याहि कंपनीनें केलेलें असो.

शहरांतल्या घरीं मुलाचें प्रगतिपुस्तक येतें तेव्हां वडील शेवटचा आंकडा पाहतात, आई शेरा वाचते, आणि सही होऊन पुस्तक दुसऱ्या दिवशीं दप्तरांत जातें. तो आंकडा कोठून आला, वाटेंत त्याचें काय काय झालें, आणि जें सांगावयास हवें होतें तें त्यानें सांगितलें कीं नाहीं, याचा विचार सहसा होत नाहीं. तो करावयाचा तर धाराशिव जिल्ह्याकडे पाहणें सोयीचें आहे. या जिल्ह्याचें सरकारी नांव २०२३ पर्यंत उस्मानाबाद असें होतें. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा आणि वाशी असे त्याचे आठ तालुके. उमरग्याच्या बाजूला कानडी बोलणारीं घरें आहेत. तुळजापूर-उमरग्याकडे लमाणांचे तांडे आहेत. कळंबकडे पारध्यांच्या वस्त्या आहेत. आणि जिल्ह्याच्या उत्तर व पश्चिम भागांतून दसरा-दिवाळीनंतर शेंकडों कुटुंबें ऊंसतोडीसाठीं घरें बंद करून निघून जातात. एकाच मापाचें कोष्टक इतक्या निरनिराळ्या मुलांना घालूं गेलें, म्हणजे त्याचे गुण आणि दोष दोन्ही लपत नाहींत.

कोष्टकाची कल्पना मुळांत नवी नाहीं. पेढीवरचा कारकून व्यवहार घडेल तसा रोजकीर्दींत टिपतो आणि मग तोच व्यवहार खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतो. शिक्षकाची दैनंदिन नोंदवही ही रोजकीर्द आणि निकालपत्रक ही खतावणी. यंत्रानें यांत भर घातली ती एवढीच, कीं खतावणी आपोआप चढूं लागली. या यंत्राचा जन्महि वर्गांतच झाला, ही गोष्ट शिक्षकांना आवडण्यासारखी आहे. १९७८ साली अमेरिकेंतल्या हार्वर्ड विद्यापीठांत व्यापारशिक्षण घेणारा डॅन ब्रिकलिन नांवाचा विद्यार्थी फळ्याकडे पाहत बसला होता. प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचें मोठें कोष्टक मांडीत. त्यांतला एक आंकडा बदलला कीं त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आंकडे पुसून पुन्हां लिहावे लागत. एक आंकडा बदलतांच बाकीचे स्वतःच बदलतील असा फळा कां असूं नये, असें त्याच्या मनांत आलें. बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या मदतीनें त्यानें १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' या नांवाचें पहिलें कोष्टक बाजारांत आणलें. पुढें १९८५ साली एक्सेल आलें, आणि २००६ साली गूगलनें अनेकांना एकाच वेळीं भरतां येईल असें कोष्टक लोकांपुढें ठेवलें.

ऐकणाराला तें डोळ्यांपुढें आणतां यावें म्हणून थोडा तपशील सांगणें अवश्य आहे. कोष्टकांत आडव्या ओळी आणि उभे रकाने असतात. प्रत्येक ओळ एका मुलाची, प्रत्येक रकाना एका गोष्टीचा. ओळ आणि रकाना जेथें मिळतात तेथें एक घर होतें, आणि बुद्धिबळाच्या पटावरच्या घराप्रमाणें त्यालाहि पत्ता असतो. घरांत नांव लिहितां येतें, अंक लिहितां येतो, किंवा एकादें सूत्र लिहितां येतें. सूत्र म्हणजे यंत्राला दिलेली आज्ञा : "डावीकडच्या आठ घरांची बेरीज येथें मांड." एकदां ही आज्ञा पहिल्या मुलाच्या ओळींत लिहिली, कीं तीच खालीं ओढून तिसाव्या मुलापर्यंत नेतां येते. कोणाचा गुण मागाहून दुरुस्त झाला, तर बेरीज, श्रेणी आणि वर्गाची सरासरी हीं तिन्ही डोळ्यादेखत बदलतात. सगळी जादू म्हणतात ती इतकीच.

महाराष्ट्रांतल्या शिक्षकाला या जादूची गरज विशेषेंकरून २०१० नंतर भासली. २००९ सालच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यापाठोपाठ राज्य शासनानें २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयानें सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धति आणली. तींत मूल्यमापनाचे दोन भाग पडले. वर्षभर चालणारें तें आकारिक : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय आणि अशींच आणखी कांहीं साधनें. सत्राच्या शेवटचें तें संकलित. या दोहोंचें वजन यत्तेप्रमाणें बदलतें ठेवलें गेलें. पहिली-दुसरीला आकारिकाला ७० आणि संकलिताला ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पांचवी-सहावीला समसमान, सातवी-आठवीला ४० आणि ६०. (पुढें २०२३ साली पांचवी व आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, तेव्हां त्या दोन यत्तांचा हिशेब निराळा झाला.) मग या शेंकड्यावरून अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ श्रेणी : ९१ च्या वर अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, आणि असेंच खालपर्यंत.

कल्पना चांगली होती. मूल तीन तासांच्या परीक्षेंत मोजूं नये, वर्षभरांत मोजावें, यांत कोणाचें दुमत असण्याचें कारण नाहीं. परंतु तिचा हिशेब हातानें करणें म्हणजे शिक्षकाच्या पाठीवर गोणी देणें होतें. म्हणून कोणी हौशी शिक्षकानें एक्सेलमध्यें तयार साचा केला, तो दुसऱ्यानें घेतला, तिसऱ्यानें त्यांत दुरुस्ती केली, आणि आज गुण भरतांच निकालपत्रक, श्रेणीतक्ता आणि प्रगतिपुस्तक छापून देणारे साचे व्हॉट्सॲपच्या समूहांतून गांवोगांव फिरतात. या देवघेवींतला परोपकार कौतुकास्पद आहे. त्यासाठीं सरकारची दमडीहि खर्ची पडलेली नाहीं. मात्र दुसऱ्याचा साचा वापरणाराला त्याच्या आंतलीं सूत्रें दिसत नाहींत, आणि धोका आहे तो तेथें.

समजा, एक मूल तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय यांत शेंकडा ८० गुण मिळवतें आणि लेखी परीक्षेंत शेंकडा ४०. तिसरीच्या वजनानें त्याचे ४८ आणि १६ मिळून ६४ होतात, म्हणजे ब-२. सातवीच्या वजनानें त्याचेच ३२ आणि २४ मिळून ५६ होतात, म्हणजे क-१. मुलांत कांहींहि फरक पडलेला नाहीं. फक्त वजन बदललें. आतां तिसरीसाठीं केलेला साचा कोणी घाईघाईनें सातवीला लावला, तर सगळ्या वर्गाच्या श्रेणी सफाईनें छापून येतील आणि सगळ्या चुकतील. हातानें केलेली चूक एका मुलापुरती असते. सूत्रांतली चूक सगळ्या वर्गाला सारखी लागते, आणि कागद स्वच्छ असल्यामुळें तिच्याविषयीं कोणाला शंकाहि येत नाहीं.

यंत्राचे आणखी कांहीं स्वभाव शिक्षकानें ओळखून असावेत. यत्ता आणि तुकडी मिळून '५-१' असें लिहिलें, तर यंत्र त्याची तारीख करून टाकतें. या खोडीपुढें मोठमोठे शास्त्रज्ञहि हरले आहेत. मानवी जनुकांच्या नांवांच्या अशाच तारखा होऊं लागल्या, म्हणून २०२० साली नामकरणाचें काम पाहणाऱ्या समितीनें जनुकांचींच नांवें बदललीं! दुसरी खोड मोठ्या आंकड्यांची. 'सरल' या सरकारी नोंदप्रणालींत मुलाला १९ अंकांचा क्रमांक मिळाला. कोष्टकाला मात्र फक्त पहिले १५ अंक खरे ठेवतां येतात. पुढच्या चार अंकांच्या जागीं तें मुकाट्यानें शून्यें घालतें. एका शाळेंतल्या मुलामुलांमधला भेद नेमका शेवटच्या अंकांत असतो, म्हणजे अख्खा वर्ग एकाच क्रमांकाचा होऊन बसतो. त्यावर उपाय सोपा आहे : रकाना आधींच अक्षरांचा ठरवून ठेवावा. पण मग अक्षर ठरलेल्या अंकाची बेरीज होत नाहीं, ही तिसरी खोड. गुणांच्या रकान्यांत एकादा ४५ अक्षर म्हणून पडला, तर बेरजेचें सूत्र त्याला वगळून पुढें जातें आणि तसें सांगतहि नाहीं.

सर्वांत घातक चूक मात्र क्रम लावतांना होते. मुलांचीं नांवें वर्णानुक्रमानें हवीं म्हणून एकट्या नांवांचाच रकाना निवडून क्रम लावला, कीं नांवें हलतात आणि गुण जागच्या जागीं राहतात. एकाचें यश दुसऱ्याच्या पदरांत पडतें. बेरीज जुळते, सरासरी जुळते, मुलांची संख्या जुळते. जुळत नाहीं तें फक्त मूल. क्रम लावण्यापूर्वीं मूळ कोष्टकाची प्रत बाजूला ठेवावी, आणि लावल्यावर तीन-चार मुलांचे गुण वहीशीं ताडून पाहावे, एवढ्यानें हा अनर्थ टळतो. खेड्यांतल्या गुरुजींनाच अशा चुका होतात असें मात्र कोणी समजूं नये. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्यें इंग्लंडच्या आरोग्यखात्यानें करोनाच्या रुग्णांची यादी जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलींत घेतली. त्या प्रकाराला ६५,५३६ ओळींपलीकडे जातां येत नाहीं. पुढच्या ओळी गळाल्या आणि १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर झालीच नाहीं.

पण हे झाले हत्याराचे दोष. धार लावली कीं ते जातात. खरा प्रश्न हत्यार कशासाठीं उचलावें हा आहे. आणि येथें बहुतेक साचे थोडक्यांत समाधान मानतात.

दोन मुलांच्या वर्षांतल्या चार चाचण्या घेऊं. पहिल्याचे गुण ४२, ५०, ६४, ७६. दुसऱ्याचे ७४, ६२, ५४, ४२. दोघांची बेरीज २३२, दोघांची सरासरी ५८, दोघांची श्रेणी क-१, आणि बहुधा दोघांचा शेराहि एकच. एक मूल चढ चढतें आहे आणि दुसरें घसरत आहे. कोणाच्या घरीं आजार असेल, कोणाचे डोळे अधू झाले असतील, कोणाला शाळा नकोशी झाली असेल. प्रगति या शब्दाचा अर्थ गति असा आहे, आणि सरासरींत गतीच दिसत नाहीं. म्हणून कोष्टकांत बेरजेच्या रकान्याशेजारीं आणखी एक साधा रकाना असावा : या वेळचे गुण वजा मागच्या वेळचे गुण. उणें चिन्ह आलेलीं घरें यंत्र आपण होऊन लाल करतें. तशी सोय त्यांत आहे. ज्याला हा एक रकाना घालतां आला, त्याला कोष्टकाचा निम्मा उपयोग कळला.

दुसरी सुधारणा याहून महत्त्वाची. 'गणित : ५८' या आंकड्यावरून शिक्षकाला उद्यां सकाळीं काय शिकवावयाचें तें कळत नाहीं. त्याऐवजीं रकाने कौशल्यांचे करावेत : दोन अंकी संख्या ओळखतें, हातच्याची बेरीज करतें, हातचा घेऊन वजाबाकी करतें, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनें भागतें. भाषेंत : अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानें २००५ पासून चाललेल्या 'असर' पाहणींत खेड्यांतल्या मुलांचें वाचन याच पायऱ्यांनीं पाहिलें जातें, आणि त्या पायऱ्या शिक्षकाला समजावून सांगाव्या लागत नाहींत. घरांत गुण न लिहितां फक्त १ किंवा ० लिहावा. येतें किंवा अजून येत नाहीं.

असें कोष्टक मांडलें, कीं तें दोन तऱ्हांनीं वाचतां येतें. एका मुलाची आडवी ओळ लाल दिसली, तर त्या मुलाकडे पाहावयास हवें. उभा रकाना लाल दिसला, म्हणजे तीसांपैकीं बावीस मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाहीं असें दिसलें, तर मुलांकडे पाहून उपयोग नाहीं. तो धडा पुन्हां शिकवावयास हवा. आडवें वाचलें तर मुलाची परीक्षा होते, उभें वाचलें तर शिकवण्याची. निकालपत्रकाला बेरजेची संवय असल्यामुळें तें आडवेंच वाचलें जातें, आणि उभ्या वाचनानें जें निमूटपणें कळलें असतें तें कळावयाचें राहून जातें. तांड्यावरच्या किंवा कानडी घरांतल्या मुलांसाठीं 'घरची बोली' हा एक रकाना जोडला, तर आणखी उजेड पडतो. एकादी मुलगी गणितांत पक्की आणि शाब्दिक उदाहरणांत कच्ची असेल, तर तिला उदाहरण नडत नसून मराठी नडतें आहे, हें त्या एका रकान्यामुळें ध्यानांत येतें.

आतां ऊंसतोडीच्या मुलांकडे वळूं; कारण धाराशिवांत कोष्टकाची खरी कसोटी तेथें लागते. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते. आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रांतल्या किंवा कर्नाटकांतल्या कारखान्याच्या हद्दींत जातात, आणि ज्याला घरीं सांभाळणारें कोणी नाहीं तें मूलहि गाडींत बसतें. तें परततें तों उन्हाळा लागलेला असतो. अशा मुलांसाठीं गांवांत हंगामी वसतिगृहें निघालीं, आणि जें मूल जाईलच त्याच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक देण्याची योजनाहि झाली, म्हणजे जेथें जाईल तेथल्या शाळेनें त्याला बसवून घ्यावें. तरी दुसऱ्या सत्राच्या कोष्टकांत त्याच्या नांवापुढें घरें रिकामीं राहतात. त्या रिकाम्या घरांत काय लिहावें?

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण एक हिशेब मांडून पाहावा. वर्गांत २० मुलें आहेत. पहिल्या सत्रांत १५ मुलांची सरासरी ६४ आणि पुढें ऊंसतोडीला जाणाऱ्या पांचांची ४८. वर्गाची सरासरी ६०. दुसऱ्या सत्रांत पांच मुलें गेलीं. उरलेल्या पंधरांची सरासरी पूर्वीइतकीच, ६४, राहिली. घरें रिकामीं ठेवलीं, तर सरासरीचें सूत्र रिकामें घर मोजीतच नाहीं, आणि वर्ग ६० वरून ६४ वर चढला असा निकाल लागतो. एकहि मूल पुढें गेलेलें नाहीं, पांच मुलें शाळेंतून नाहींशीं झालीं आहेत, आणि कोष्टक म्हणतें प्रगति झाली. उलट रिकाम्या घरांत शून्य घातलें, तर तेंच सूत्र शून्याला गुण समजतें, ९६० ला २० नीं भागतें, आणि वर्ग ४८ वर कोसळतो. तेंहि खोटेंच; कारण त्या मुलांनीं परीक्षा देऊन शून्य मिळवलेलें नाहीं. एका ठिकाणीं मूल अदृश्य होतें, दुसऱ्या ठिकाणीं तें नापास होतें.

याला तोड आहे, आणि ती अवघड नाहीं. घरांत 'स्थ.' असें अक्षर लिहावें, म्हणजे स्थलांतरित. आजारपणानें न आलेल्यासाठीं 'गै.' असें वेगळें अक्षर असावें. सरासरीच्या खालीं दोन ओळी जास्त ठेवाव्यात : पटावर किती, आणि या सरासरींत मोजलेलीं किती. मोजणीचें सूत्र तेंहि आपोआप सांगतें. '६४, मोजलेलीं १५, पटावर २०' असें वाचणारा अधिकारी फसत नाहीं. नुसतें ६४ वाचणारा हमखास फसतो. आणि तुलना करावयाची तर दोन्ही वेळां हजर असलेल्या मुलांचीच करावी. मग ६४ आणि ६४, म्हणजे वर्ग जागच्या जागीं आहे, हें सत्य बाहेर येतें. त्या पांच मुलांच्या ओळी मात्र पुसूं नयेत. निघतांना त्यांना काय येत होतें हें पहिल्या सत्राच्या कौशल्यांच्या रकान्यांत लिहिलेलें असतें. त्याची एक प्रत हमी पत्रकाबरोबर दिली, तर कारखान्याजवळच्या शाळेंतल्या अनोळखी शिक्षकाला मूल कोठून शिकवावयास घ्यावें हें पहिल्याच दिवशीं कळेल. मूल परत आलें कीं तीच ओळ पुढें चालूं होते. खाडा पडलेल्या खात्यावर व्यापारी रेघ मारीत नाहीं, बाकी पुढें ओढतो, तसेंच हें.

कोष्टक वर पाठवण्याची कथा निराळी. शाळेकडून केंद्रप्रमुखाकडे, तेथून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, मग जिल्हा परिषदेकडे आणि पुढें पुण्या-मुंबईला असा आंकड्यांचा ओघ चालतो. धाराशिवावर त्यांत आणखी एक नजर बसली. जानेवारी २०१८ मध्यें केंद्र सरकारनें मागास राहिलेल्या जिल्ह्यांसाठीं आकांक्षित जिल्ह्यांची योजना काढली. देशांतल्या ११२ जिल्ह्यांत महाराष्ट्राचे चार : नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि उस्मानाबाद. प्रगति मोजण्यासाठीं ४९ निर्देशक ठरले, शिक्षणाला शेंकडा ३० वजन मिळालें, आणि तिसरी, पांचवी व आठवींतल्या मुलांचें भाषेंतलें व गणितांतलें यश त्यांत आलें. मागच्या महिन्यापेक्षां किती सुधारणा झाली यावर जिल्ह्यांचे क्रम लागूं लागले. दुर्लक्षित जिल्ह्याकडे दिल्लीचें लक्ष गेलें, हें चांगलेंच झालें. पण मूल महिन्याच्या मापानें वाढत नाहीं, आणि आंकड्यावर कोणाची पाठ थोपटली जाणार असेल तर आंकडा मुलाच्या आधीं वाढूं लागतो.

हा अनुभव जुना आहे. इंग्लंडांत १८६२ साली परीक्षेच्या निकालावर शाळेचें अनुदान ठरविण्याचा नियम झाला. मुंबई इलाख्यांतहि १८६५-६६ पासून तशीच पद्धति आली. (धाराशिव त्या वेळीं निजामाच्या राज्यांत, तेव्हां हा अनुभव तिकडचा नव्हे.) परिणाम असा झाला, कीं इंग्लंडांतलीं मुलें वाचनाचें पुस्तकच पाठ करूं लागलीं आणि पानाकडे न पाहतां पान म्हणून दाखवूं लागलीं. मॅथ्यू आर्नल्ड हा नामांकित टीकाकार तेव्हां शाळातपासनीस होता. त्यानें या यांत्रिकपणावर वर्षानुवर्षें कोरडे ओढले. शतक संपण्याच्या सुमारास ती पद्धति इंग्लंडनें सोडली. शिक्षकाच्या हातचें कोष्टक आणि वर पाठवावयाचें कोष्टक हीं दोन वेगळीं असावींत, असें वाटावयाला हा इतिहास पुरेसा आहे. जें कोष्टक शिकवण्यासाठीं आहे त्यांत शिक्षकाला निर्भयपणें ० लिहितां आला पाहिजे. त्याच शून्यासाठीं उद्यां खुलासा मागवला जाणार असेल, तर तेथें १ लिहिला जाईल, आणि हातच्याची वजाबाकी न येणारें मूल तशीच न येतां पुढच्या यत्तेंत जाईल.

पालकांना द्यावयाच्या नोंदीची तऱ्हा तर फारच केविलवाणी झाली आहे. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मिळतात, आणि श्रेणी पाहून यादींतलें वाक्य उचलून प्रगतिपुस्तकांत बसवणारें सूत्रहि साच्यांत घातलेलें असतें. 'वर्गांत सक्रिय सहभाग घेतो', 'अक्षर सुधारण्यास वाव आहे', 'गटकार्यांत रस घेते'. तीस मुलांच्या तीस पुस्तकांत पांच वाक्यें आलटून पालटून येतात. कोष्टकाचा इतका वाईट उपयोग दुसरा नसेल. यंत्रानें बेरीज करावी म्हणून ती त्याच्याकडे दिली, ती वांचलेला वेळ या एका ओळीसाठीं मिळावा एवढ्याचसाठीं. "शब्द वाचते, पण जोडाक्षरापाशीं थांबते, घरीं रोज दहा ओळी मोठ्यानें वाचून घ्याव्यात" हें वाक्य कोणत्याहि यादींत सांपडणार नाहीं, आणि कौशल्यांचे रकाने भरलेले असतील तर तें लिहावयास दोन मिनिटें पुरतात. ज्या आईला वाचतां येत नाहीं तिला तें व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतां येतें. तिच्या हातीं 'क-१' दिल्यानें तिला कांहींच दिल्यासारखें होत नाहीं.

एक गोष्ट मात्र पालकांच्या समूहावर कधींहि जाऊं नये, आणि ती म्हणजे सगळ्या वर्गाचें कोष्टक. त्यांत जात, आधार क्रमांक, अपंगत्व, पालकांचा मोबाईल असे रकाने सरकारी गरजेपोटीं असतात, आणि बोट चुकलें कीं ते शंभर घरांत जातात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्यांत मुलांच्या माहितीसाठीं आईबापांची संमति हवी असें सांगितलें आहे. कायदा नसता तरीहि दुसऱ्याच्या मुलाची श्रेणी ही चव्हाट्यावर मांडण्याची वस्तु नव्हे. गुणांचें कोष्टक आणि कौटुंबिक माहितीचें कोष्टक हीं वेगळ्या फाइलींत ठेवावींत, दोहोंना जोडणारा फक्त हजेरी क्रमांक असावा.

राहतां राहिला जतनाचा प्रश्न. शाळेचें जनरल रजिस्टर कायमचें जपून ठेवावयाचें असतें. मराठवाड्यांतल्या शाळांत निजामाच्या अमदानींतलीं अशीं रजिस्टरें आहेत. कांहीं उर्दूंत, कांहीं मोडींत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हां हीं दप्तरें कपाटांतून निघालीं, मोडी व उर्दू वाचणारे जाणकार बोलावले गेले, आणि शंभर वर्षांमागची शाई अजून वाचतां येते असें दिसलें. संगणकावरचें कोष्टक इतकें टिकेल असें कोणी सांगूं शकत नाहीं. आज तें बहुधा शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाईलमध्यें असतें. शिक्षकाची बदली उमरग्याहून परांड्याला झाली कीं कोष्टकहि परांड्याला जातें, आणि जूनमध्यें नव्या गुरुजींच्या हातीं पडतें तें फक्त श्रेणींचें निकालपत्रक. म्हणून सत्र संपतांच कोष्टकाची छापील प्रत काढावी, बेरजेच्या पानाबरोबर कौशल्यांचें पानहि काढावें, 'स्थ.' लिहिलेल्या ओळी त्यांत आहेत हें पाहावें, खालीं तारीख घालून वर्गशिक्षक व मुख्याध्यापक यांनीं सह्या कराव्या, आणि ती निकालपत्रकाच्या बांधणींतच शिवून ठेवावी. शाळेच्या नांवानें उघडलेल्या ई-मेलवर दुसरी प्रत असावी, आणि त्याचा परवलीचा शब्द कपाटाच्या किल्लीबरोबर बदली होणाऱ्यानें येणाऱ्याच्या स्वाधीन करावा.